पाच खणांचे कोरे कपाट

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथनात मी एका अल्प किमतीच्या, बिनपॉलिशच्या, पाच खणांच्या लाकडी कपाटाची हकिकत क्रमवार सादर करणार आहे. ते कपाट मी कोणासाठी आणले, त्यावर घरच्या घरी कोणते काम केले, त्या कामात माझ्या हातून कोणती चूक घडली आणि त्या चुकीचे पुढे काय झाले, एवढेच यात येईल. माझे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंत झालेले आहे. त्यानंतर जे काही वाचले ते चोपड्याच्या वाचनालयात, बाकावर बसून वाचले. म्हणून भाषेत कोठे उणीव आढळल्यास ती माझी समजावी.

मी केळी कापणीच्या टोळीत अठ्ठावीस वर्षे काम करीत आहे. सकाळी सहाला टोळी बागेत शिरते. एकजण घड कापतो, दुसरा तो खांद्यावर झेलतो आणि ट्रकपर्यंत वाहून नेतो. मी वाहणारा आहे. घड कापताच दांड्यातून चीक गळू लागतो. हा चीक पाण्यासारखा असतो. अंगावर पडतो त्या वेळी दिसत नाही, हाताला किंचित चिकट लागतो इतकेच. एक-दोन दिवसांत तो काळा पडतो, आणि एकदा काळा पडला की तो कपडा फाटेपर्यंत त्याची सोबत सोडत नाही. आमच्या टोळीतील माणूस भर बाजारात सदऱ्यावरून ओळखू येतो. ही गोष्ट मला अठ्ठावीस वर्षे ठाऊक आहे, आणि तरीही मी ती विसरलो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

माझी पत्नी ताईबाई हिला बारा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्याची दृष्टी गेली. उजवा डोळा हळूहळू मंद होत गेला. जळगावच्या डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्यावर किरणांचा उपचार केला, तीन वेळा इंजेक्शन दिले, आणि शेवटी मला बाहेर बोलावून सांगितले की आता बाईंना रंग ओळखता येणार नाहीत, चेहरेही नीट दिसणार नाहीत. पांढऱ्यावर काळे किंवा काळ्यावर पांढरे असे काही ठळक असेल तर ते मात्र काही काळ उमगेल. किती काळ, असे मी विचारले. ते सांगता येत नाही, असे ते म्हणाले. चोपड्याची बस येईपर्यंत मी ताईबाईस यातील काहीही सांगितले नाही. बसमध्ये तिनेच मला सांगितले. डॉक्टरांच्या दाराला पडदा होता, भिंत नव्हती, आणि तिचे कान पूर्वीसारखेच तीक्ष्ण होते.

गेल्या फाल्गुनात असे घडले की मी बागेत असताना ताईबाईने सकाळची गोळी दोनदा घेतली. आमच्या घरी एक लोखंडी कपाट होते, आत खोल आणि अंधारे. त्यात कपडे, औषधे, कागदपत्रे, गोधडीचे तुकडे असे सर्व एकावर एक असे. दुसरी गोळी ताकदीची आहे असे समजून तिने ती घेतली. साखर एकाएकी उतरली आणि ती अंगणात कोसळली. शेजारच्या पुष्पाबाईंनी तिच्या तोंडात गूळ घातला म्हणून ती शुद्धीवर आली.

आमची एकुलती मुलगी दिपमाला धुळ्यास दिलेली आहे. जावई भूषण तेथे कारखान्यात कामाला आहेत. माणूस सरळ आहे. बातमी कळताच दोघे दुसऱ्या दिवशी आले. दिपमालाने घरभर फिरून सर्व पाहिले, लोखंडी कपाट उघडून पाहिले, आणि निर्णय सांगितला की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येईल तेव्हा परत जाताना आईला कायमची धुळ्यास घेऊन जाईल. आबा दिवसभर बागेत, माय एकटी घरात, हे आता चालायचे नाही. तिचे म्हणणे चूक होते असे मला त्या दिवशीही वाटले नाही, आजही वाटत नाही.

ताईबाईने सर्व ऐकून घेतले आणि एकच वाक्य उच्चारले. आमच्या घरात बोलली जाते त्याच बोलीत ते येथे देतो.

"आखाजीले लेक मायना घर येस. माय लेकना घर जास का?"

दिपमाला म्हणाली की आता तो जमाना राहिला नाही. रात्री ताईबाईने मला विचारले की धुळ्यात दाराबाहेर चूल मांडू देतात का. मी म्हणालो, त्यांचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे. ती कूस बदलून निजली.

येथे वाचकांना एक गोष्ट स्पष्ट करणे मला अगत्याचे वाटते. बत्तीस वर्षांत ही बाई त्या दोन खोल्यांत आणि त्या अंगणात अशी वावरली आहे की भाकरीचे पीठ डब्यात किती उरले हे तिला डब्याच्या आवाजावरून कळते. दुसऱ्याच्या घरात तिला पाण्याचा तांब्यासुद्धा मागून घ्यावा लागला असता. अंधत्वाचे भय तिला होतेच. परंतु मागून घेण्याचे भय त्याहून मोठे होते. आखाजीस अवघा दीड महिना उरला होता. तेवढ्या अवधीत ती घरातील स्वतःच्या वस्तू, विशेषतः औषधे, कोणासही न विचारता आणि न चुकता घेऊ शकते हे मला दिपमालास दाखवून द्यायचे होते. ते न जमल्यास ताईबाई जाणार होती.

विचारांती मला असे सुचले की खोल कपाटाऐवजी खणांचे कपाट आणावे आणि एका खणात एकाच प्रकारची वस्तू ठेवावी. चैत्रात आमची टोळी जळगावला एका गोदामात माल उतरवण्यास गेली, तेव्हा तेथील एका रस्त्यावर मला देवदारी लाकडाचे कोरे कपाट दिसले. यंत्रे ज्या खोक्यांतून येतात त्या खोक्यांच्या फळ्यांपासून हे करतात. लाकूड हलके आणि दुधासारखे पांढरे. वरती दोन लहान खण शेजारी शेजारी, त्याखाली तीन रुंद खण. पॉलिश नाही, मुठी नाहीत, मुठींच्या जागी भोकेसुद्धा पाडलेली नाहीत. ज्याला जसे हवे तसे त्याने घरी करून घ्यावे, म्हणून स्वस्त. रिकाम्या ट्रकमध्ये ते घालून मी सायंकाळी घरी आणले.

आनंदाच्या भरात मी हात न धुताच ते घरात लावले, आणि ताईबाईस दाखविण्यासाठी एकेक खण ओढून उघडला. मुठी नव्हत्या, म्हणून समोरच्या फळीला पंजा लावून ओढावे लागले. वरचा डावा खण सैल होता, तो अंगठ्यानेच निघाला. उजवा दोन बोटांनी निघाला. तिसऱ्याला पुरता पंजा लावला. चौथा घट्ट होता, त्यावरून माझा हात घसरला. पाचवा अडकला होता, तो दोन्ही हातांनी ओढला. त्या दिवशी मी दीडशेच्या वर घड वाहिले होते. लाकडावर तेव्हा काहीच दिसत नव्हते.

ताईबाईने कपाटाचा वास घेतला आणि नवीन वहीसारखा वास येतो असे म्हणाली. मी तिला खणांचा क्रम समजावून सांगितला. पहिल्यात सकाळची औषधे, दुसऱ्यात रात्रीची, तिसऱ्यात तिची पातळे, चौथ्यात टॉवेल आणि चादरी, पाचव्यात कागदपत्रे आणि गोधडीचे सामान. मग तिला तिसरा खण उघडून पाहण्यास सांगितले. तिने हात पुढे केला, कपाटाचा कोपरा चाचपला, कोपऱ्यावरून बोटे सरकवीत खाली आली, एक फट, दुसरी फट, आणि मध्येच थांबली. तिने चौथा खण तिसरा समजून उघडला होता. मी म्हणालो, पुन्हा वरून मोज. तिने पुन्हा वरून मोजले. दोन्ही लहान खण शेजारी असल्याने तेथेही घोटाळा झाला. तिसऱ्या वेळी तिने हात मागे घेतला आणि पदराखाली धरला.

मी म्हणालो की मी प्रत्येक खणाला वेगळी मूठ बसवतो, एक गोल, एक चौकोनी, एक लांबट. चाचपले की कळेल.

"चाचपाडू नका माले," ती म्हणाली. "मी आजून आंधयी व्हयनी नही. जितलं दिखस तितलं तर देखू द्या."

माझ्या योजनेत ती अंध होतीच. फक्त तिची परवानगी घेणे राहिले होते.

तिसऱ्या दिवशी डाग उमटले. प्रथम तपकिरी, नंतर काळे. वरच्या डाव्या खणावर अंगठा, उजव्यावर दोन बोटे, तिसऱ्यावर पाची बोटांसह पंजा, चौथ्यावर घसरलेला लांब फराटा, पाचव्यावर दोन पंजे. पांढऱ्या कोऱ्या लाकडावर ते असे दिसत होते, जणू कोणी चोर डांबरात हात बुडवून घरात शिरला होता. मला अत्यंत शरम वाटली. अठ्ठावीस वर्षे चीक अंगावर वागवणाऱ्या माणसाने न धुतलेल्या हाताने कोऱ्या लाकडास स्पर्श करावा, ही चूक शाळकरी पोरानेही केली नसती. ताईबाईस यातील काही दिसत नसेल असे मी गृहीत धरले आणि तिला सांगितलेही नाही. खणांवरून मी एक जुनी चादर टाकून ठेवली. विचारल्यास धूळ बसू नये म्हणून, असे उत्तर तयार ठेवले. तिने विचारले नाही.

पुढील चार सायंकाळी मी चादर वर करून डाग घासण्यात घालवल्या. प्रथम जाड काचपेपर, मग मध्यम, मग बारीक. लाकडाचा भुसा पांढरा पडे आणि डाग काळाच राही. मी लिंबू लावून पाहिले, रॉकेल लावून पाहिले. रॉकेलाने फक्त वास लागला. लाकूड जागोजागी खोलगट झाले, ते लुकण भरून सारखे केले. एवढे करून पंजे किंचित पुसट झाले, पण गेले नाहीत. ताईबाई दारात बसून काचपेपरचा आवाज ऐकत असे आणि विचारत असे की लाकूड इतके खडबडीत कसे निघाले. मी म्हणे, स्वस्त आहे ना, म्हणून.

शेवटी मी अय्युबभाईंकडे गेलो. अय्युबभाई चोपड्यातील जुने पॉलिशवाले. लाखेचे दाणे स्पिरिटमध्ये भिजवून, मलमलीच्या चिंधीत कापूस बांधून ते असे पॉलिश चढवतात की लाकडात तोंड पाहावे. माझे नाव चिंधा असल्याने ती चिंधी हातात घेतली की ते दरवेळी हसतात. शनिवारी दुपारी ते सामान घेऊन आले, चादर बाजूला केली, खण पाहिले, बोटाने डाग खरवडला आणि मान हलवली.

"चिंधाभाऊ, लाकूड चीक पिई गयं. आते कितलंबी घासा, हाऊ डाग निंघाव नही."

मग काय करावे, असे मी हळूच विचारले. त्यांनी उपाय सांगितला. संपूर्ण कपाटास गडद सागवानी रंग द्यावा, इतका गडद की काळ्यात काळे मिसळून जावे, आणि वरून लाखेचे तीन हात. लग्नात देण्याजोगे दिसेल. मी तत्काळ होकार दिला. आखाजीस आता बारा दिवस होते, आणि दिपमालाने ते हातांचे डाग पाहू नयेत अशी माझी इच्छा होती. दोन गोळ्यांत घोटाळा होणाऱ्या घरात हे असले कपाट पाहून ती काय समजली असती, ते मला ठाऊक होते.

अय्युबभाईंनी रंग कालवला. प्रथम डाव्या बाजूच्या फळीवर चढवून पाहिला. फळी क्षणात गडद झाली. उत्तम दिसत होती. मग चिंधी पुन्हा बुडवून ते समोर आले. उन्हाची तिरीप दारातून थेट खणांवर पडली होती. ताईबाई उंबऱ्यावर बसून तूर पाखडत होती, आणि तिचे तोंड आमच्याकडे होते.

"तो हात कोना शे?" ती म्हणाली.

मला वाटले, ती अय्युबभाईंविषयी विचारते आहे. मी म्हणालो, अय्युबभाई आहेत, पॉलिशला आले आहेत. ती म्हणाली की अय्युबभाऊ आले ते तिने आवाजावरून केव्हाच ओळखले. ती त्यांच्या हाताविषयी बोलत नाही. तिने सूप खाली ठेवले आणि उठली. वाचकहो, गेल्या वर्षभरात ती घरात भिंतीला हात लावल्याशिवाय चालली नव्हती. त्या दुपारी ती उंबऱ्यापासून कपाटापर्यंत सरळ आली, खाटेला वळसा घातला, आणि तिसऱ्या खणावरच्या काळ्या पंजावर स्वतःचा पंजा ठेवला. एक बोटही इकडे तिकडे झाले नाही.

"हाऊ," ती म्हणाली. "हाऊ हात."

अय्युबभाई म्हणाले, "वहिनी, हाऊ तुमना नवराना शे. केळीना चीक धुवाना कंटाळा करं त्यानी, त्यानी सही शे ही." आणि ते हसले. ताईबाई हसली नाही. तिने पंजा उचलला, थोडी मागे सरली, मान वाकडी करून उजवा डोळा खणांसमोर आणला, आणि एकेक सांगू लागली. येथे अंगठा आहे. येथे दोन बोटे. हा पंजा. हा लांब ओघळ. आणि खाली दोन हात. अय्युबभाईंनी चिंधी डब्यात टाकली.

मी तिला खरे सांगितले. चूक कशी झाली, चार दिवस काय घासत होतो, चादर कशासाठी टाकली होती आणि हा रंग कशासाठी मागवला होता, सर्व सांगितले.

"राहू द्या ते. हाई माले दिखस," ती म्हणाली. नंतर म्हणाली, "चार दिन घासं. माले इचारं का?"

मी तिला विचारले नव्हते.

त्या दिवशी समोरचा भाग तसाच राहिला. अय्युबभाईंनी डब्यावर झाकण लावले आणि बिनरंगाचे पातळ लाखेचे पॉलिश तयार केले. रंग देणार नाही, परंतु ओलावा आणि तेलकट हात यांपासून लाकूड राखेल, असे ते म्हणाले. मात्र खणांच्या समोरच्या फळ्यांवर चमक चढवू नये, असे ताईबाईने सांगितले. चमकले की तिच्या डोळ्यासमोर नुसता उजेड पसरतो आणि आतले काही उमगत नाही. म्हणून अय्युबभाईंनी तेथे एकच हात दिला आणि तो सुकल्यावर बारीक काचपेपरने चमक मारून टाकली. आयुष्यभर चमक आणण्याचे काम केले, चमक घालवण्याचे प्रथमच करतो आहे, असे ते जाताना म्हणाले. मुठी बसवल्या नाहीत. मुठी बसवल्या असत्या तर डाग झाकले गेले असते. त्याऐवजी मी प्रत्येक फळीच्या वरच्या कडेला आतून खाच पाडली, म्हणजे डागावर हात ठेवून बोटे वर सरकवली की खण ओढता येतो.

पुढील दहा दिवस सराव चालला. औषधे मी लावून देत असे. घेणे तिचे तीच घेई. पहिल्या दोन दिवसांत तिची एकदा चूक झाली, संध्याकाळी, उजेड कमी असताना. तेव्हापासून रात्रीची गोळी दिवेलागणीच्या आत काढून ठेवायची असे तिने स्वतःच ठरवले. शिवाय खोलीतील दिवा मी कपाटाच्या समोरच्या भिंतीवर हलवला.

आखाजीच्या आदल्या दिवशी दिपमाला आली. पारोळ्याला गाडी बराच वेळ अडकल्याने ती उन्हात तापून, त्रासून आली होती. पाणी प्याली, आईजवळ बसली, आणि मग तिची दृष्टी कपाटावर गेली. एक बाजू गडद सागवानी, बाकीचे पांढरे, आणि समोर काळे हात.

"आबा, हाई आर्धं का बरं ठेवं? अनं हाई डाग?"

तिच्या स्वरात राग नव्हता, त्याहून वाईट असे काही होते. आईबाप दोघेही आता सांभाळण्याजोगे झाले, असे तिला वाटत असावे. मी समजावून सांगणार होतो, परंतु ताईबाईने मला थांबण्याची खूण केली. ती उठली आणि तिसऱ्या खणापाशी गेली. पंजावर पंजा ठेवला, खण ओढला, आणि वरून तिसरी घडी काढली. आखाजीस लेकीला द्यावयाची साडी तिने तेथे ठेवली होती. ती दिपमालाच्या मांडीवर ठेवली. मग पाचव्यातून आहेराची सुपारी आणि हळदकुंकवाची डबी काढली. मग पहिल्या खणातून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली आणि म्हणाली की ही सकाळची, अंगठ्याच्या खणातली. ही झाली, आता उद्या. मग दुसरा खण उघडला. ही रात्रीची, दोन बोटांची. ही अजून व्हायची आहे.

दिपमालाने साडीची घडी उलगडली नाही. ती उठून कपाटापाशी गेली आणि त्या पंजावर तिने स्वतःचा हात ठेवून पाहिला. तिचा हात लहान पडला. लहानपणी ती माझ्या हातावर हात ठेवून असेच मोजत असे, हे मला आठवले. तिला आठवले की नाही ते मी विचारले नाही.

त्या रात्री माय-लेकींचे बोलणे बराच वेळ चालले होते. त्यातील मला ऐकू आलेले असे की दिपमाला विचारत होती, हाही डोळा गेला तर मग काय. आणि ताईबाई म्हणत होती की गेला तर गेला, तेव्हा बोलू. आज तो आहे, आणि आजचा दिवस तिला तिच्या घरात पाहिजे.

आखाजी झाली. पुष्पाबाईंच्या अंगणातील कडुलिंबाला झोका बांधला होता. दिपमाला त्यावर बसली, आणि ताईबाई खाली बसून पोरींना गाणी सांगत होती, कारण अर्धी गाणी पोरींना येत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी दिपमालाने बॅग भरली. एकच बॅग होती. जाताना ती मला म्हणाली की ती रोज सकाळी आठला आणि रात्री आठला फोन करेल आणि माय तिला गोळी घेतल्याचे सांगेल. एक दिवस जरी चुकला तरी ती दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात उभी राहील. मी मान्य केले. ताईबाईला तिने वाकून नमस्कार केला. ताईबाईने तिचे तोंड दोन्ही हातांत धरले. तेवढा एकच चेहरा ती चाचपून पाहते.

दिपमालाचा फोन त्या दिवसापासून एकदाही चुकलेला नाही, आणि ताईबाईची गोळीही नाही.

येथे ही हकिकत संपवता आली असती. परंतु मी आरंभी क्रमवार सर्व सांगण्याचे कबूल केले आहे.

आषाढ अर्धा झाला होता. पाऊस असल्याने त्या दिवशी कापणी बंद होती आणि मी घरीच होतो. ताईबाई दुपारी कपाटासमोर उभी होती. तिने चौथा खण उघडला, चादर काढली, खण बंद केला, आणि तेथेच उभी राहिली. मग मला जवळ बोलावून म्हणाली, "चौथा डाग आते दिखत नही. कालपाईन असंच शे."

मी म्हणालो, आभाळ आले आहे, उजेड कमी आहे. तिने मान हलवली. पंजा अजून उमगतो, दोन हात उमगतात, बाकीचे धूसर होत आहेत, आणि आज ना उद्या तेही जातील, असे ती म्हणाली. तिचा स्वर स्वयंपाकातील मीठ संपत आले हे सांगावे तसा होता. मग तिने जे सांगितले ते ऐकण्याची माझी तयारी नव्हती, जरी तीन महिन्यांपूर्वी मीच तिला तेच सांगू पाहत होतो.

"आते कोरी टाका त्यासले. बठ्ठा पाची."

मी अय्युबभाईंकडून गोल धारेची पटाशी मागून आणली. कशासाठी हवी ते त्यांनी विचारले नाही. उलट धार स्वतः लावून दिली आणि मऊ लाकडात हात हलका ठेवा असे बजावले. दोन दिवस मी प्रत्येक डागाच्या कडेने पटाशी फिरवली. प्रथम अंगठा, मग दोन बोटे. डागाच्या आतले लाकूड तांदळाच्या दाण्याइतके खोल काढले. काढले तरी काळेपणा आत होताच. चीक खरोखरच खोलवर गेला होता. पंजा कोरताना मला वेळ लागला. स्वतःच्या हाताची रेघ स्वतः कापणे हे विचित्र काम आहे. ताईबाई शेजारी बसून पडणाऱ्या ढलप्या गोळा करीत होती आणि मधूनमधून बोट फिरवून कोठे कड धारदार राहिली ते सांगत होती. त्या जागा मी काचपेपरने गोल केल्या. या वेळी प्रत्येक गोष्ट तिला विचारून केली.

पाचवा खण पूर्ण झाल्यावर ती उठली. तिने उजवा डोळा मिटला. डावा मिटण्याचे कारण नव्हते. तिने हात पुढे केला, कोपरा चाचपला, आणि अंगठा अंगठ्याच्या खळग्यात ठेवला. खण उघडला. दोन बोटे ठेवली, खण उघडला. पंजात पंजा ठेवला तेव्हा ती क्षणभर थांबली, कारण खळगा तिच्या हातापेक्षा मोठा आहे आणि हात त्यात बुडतो. मग तोही उघडला. पाची खण तिने असे उघडले आणि तसेच बंद केले. मोजले एकदाही नाही.

रात्री आठला फोन वाजला. ताईबाईने गोळी घेतल्याचे सांगितले आणि मग दिपमालाला म्हणाली की आज आबांनी कपाटाचे काम पुरे केले.

ते कपाट आजही आमच्या पुढच्या खोलीत आहे. एक बाजू गडद, बाकीचे आता पांढरेही राहिलेले नाही, मधासारखे पिवळट झाले आहे. ताईबाईचा उजवा डोळा आता उजेड आणि अंधार एवढेच जाणतो. पाहुणे आले की विचारतात, हे काय, आणि ताईबाई त्यांना खण उघडून दाखवते. बागेतून आल्यावर मी उंबऱ्याबाहेर रॉकेल आणि साबणाने हात धुतो आणि मगच आत येतो. ती तरीही म्हणते की चिकाचा वास येतो. आणि मी आलो आहे, हे तिला त्यावरूनच कळते.

एका मजुराच्या घरातील साध्या वस्तूची ही हकिकत आपण आपला वेळ खर्चून अखेरपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक ऋणी आहे. ताईबाईनेही ती माझ्या तोंडून दोनदा ऐकली असून तिच्या सांगण्यावरून एक वाक्य मी गाळले आहे. ते कोणते, हे सांगण्याची मला परवानगी नाही.

आपला नम्र,
चिंधा तोताराम बाविस्कर
चोपडा, जिल्हा जळगाव